दरी, धरण आणि जॉन म्यूर

वार्षिकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी आपापली नावे लगेच ठरवून टाकली. सावित्रीबाई तिघींनी घेतल्या, कर्मवीर दोघांनी घेतले, एकाने गाडगेबाबा घेतले. मी जे नाव सांगितले ते ऐकून मैत्रिणी हसल्या. जॉन म्यूर हा कोण, आणि तुझा त्याच्याशी संबंध काय, असा त्यांचा प्रश्न होता.

संबंध आहे तो असा. आमचे मूळ गाव मी पाहिलेले नाही, कारण ते धरणाच्या पाण्याखाली आहे. आजी नवी नवरी होऊन त्या गावात आली आणि थोड्याच वर्षांत गाव उठले. पुढे धरणाच्या वरच्या अंगाचे रान अभयारण्य झाले, तिथली चराई बंद झाली आणि तिच्या माहेरची माणसेही खाली माळावर आली. थोडक्यात सांगायचे तर आजीचे सासर पाण्यात गेले आणि माहेर अभयारण्यात. म्हणून ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक चाळताना, राखीव रानातल्या दरीत धरण बांधू नये म्हणून एक म्हातारा बारा वर्षे भांडला, असे वाचले आणि मी पान उलटायची थांबले. धरणाशी भांडला म्हणून तो माझ्या बाजूचा. पण रानाला कायद्याची वेस घाला, मेंढरे आणि कुऱ्हाडी आत येऊ देऊ नका, असे सांगणाऱ्यांचा मूळपुरुषही तोच! ह्याला आपला म्हणावे की परका, हे मला कळेना. ते कळावे म्हणून मी त्याचे चरित्र मिळेल तिथून वाचत गेले. एवढ्या मोठ्या माणसाला मी अरेतुरे करते आहे ह्याबद्दल वाचकांनी रागावू नये. तो शेतकऱ्याचा पोर होता आणि मला तो तसाच दिसतो.

जॉन म्यूरचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधल्या डनबार ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांत तो तिसरा. वडील डॅनियल म्यूर धान्याचे दुकान चालवीत, पण दुकानापेक्षा त्यांचे लक्ष धर्माकडे अधिक. बायबलचा नवा करार सगळा आणि जुन्या कराराचा बराचसा भाग त्यांनी पोराकडून तोंडपाठ करून घेतला होता. पाठांतर चुकले की मार ठरलेला. १८४९ साली हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात गेले. तिथे रान तोडून नवे शेत करायचे होते. जॉन तेव्हा अकरा वर्षांचा होता. नांगर त्याच्या हातात आला आणि शाळा जी सुटली ती जवळजवळ कायमची.

त्यांच्या दुसऱ्या शेतावर विहीर खणायची होती. खाली वालुकाश्म लागला. बापाने ते काम एकट्या जॉनला दिले. रोज सकाळी बादलीतून खाली उतरायचे, छिन्नी-हातोड्याने दगड फोडायचा, दुपारी जेवायला वर यायचे आणि पुन्हा उतरायचे. असे कितीतरी महिने चालले. ऐंशी फुटांच्या आसपास एके सकाळी तो उतरला तो तळाशी साचलेल्या विषारी वायूत. शुद्ध हरपत असताना कसाबसा बादलीत बसला म्हणून वाचला. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील खाली सोडून पाहतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. म्यूरच्या बापाला ते कुणी सांगितले नव्हते. एक-दोन दिवसांनी पोराला पुन्हा त्याच विहिरीत उतरवले आणि नव्वद फुटांवर पाणी लागले. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

पोराला वाचनाचे वेड होते. रात्री दिवा लावून बसायला वडिलांची बंदी होती. एकदा मात्र त्यांच्या तोंडून निघून गेले की वाचायचेच असेल तर पहाटे हवे तितक्या लवकर उठ. जॉन त्या दिवसापासून रात्री एक वाजता उठू लागला. कडाक्याच्या थंडीत शेकोटीला लाकूड जाळायची परवानगी नव्हती, म्हणून तळघरात जाऊन तो लाकडाची यंत्रे करू लागला. त्याने लाकडाची घड्याळे केली. ठरल्या वेळी माणसाला उठवून उभे करणारी खाट केली! मी स्वतः चार वाजता उठते, कारण पाच वाजल्यापासून पाणी आणि स्वयंपाक सुरू होतो. तेव्हा एकाला उठणारा हा पोर मला फार जवळचा वाटला.

१८६० साली ती घड्याळे पाठीवर घेऊन तो मॅडिसन शहरातल्या प्रदर्शनात गेला. लोकांनी कौतुक केले, आणि पुढच्या वर्षी तो तिथल्याच विद्यापीठात दाखल झाला. त्याच्या मागे पैसा नव्हता. उन्हाळ्यात कापणीची कामे करायची, एका हिवाळ्यात खेड्यातल्या शाळेवर मास्तरकी करायची, आणि त्यातून फी भरायची. जेवण बहुधा पाव आणि बटाटे. त्याने अभ्यासासाठी एक मेज बनवले होते. घड्याळाच्या चाकांवर चालणारे ते मेज ठराविक वेळाने एक पुस्तक खाली घेई आणि दुसरे वर आणी. ते आजही विस्कॉन्सिनमध्ये जपून ठेवले आहे. एके दिवशी वसतिगृहाबाहेरच्या एका झाडाचे फूल हातात देऊन एका सोबत्याने त्याला समजावले की हा एवढा मोठा वृक्ष आपल्या वाटाण्याच्याच कुळातला आहे. (आमच्या बांधावरची बाभूळही त्याच कुळातली, हे मला त्या निमित्ताने कळले.) त्या एका फुलाने म्यूर वनस्पतिशास्त्राच्या नादी लागला. १८६३ साली पदवी न घेताच तो विद्यापीठातून बाहेर पडला. पदवी न घेतल्याबद्दल चरित्रकार त्याचे कौतुक करतात. मला मात्र ते काही पटले नाही. ज्याच्या घरात कुणीच शिकलेले नाही त्याने पदवी सोडणे ही चैन आहे. असो.

पुढची काही वर्षे कारखान्यांत गेली. यंत्रात त्याचे डोके असे चाले की तो कारखानदारच व्हायचा. पण मार्च १८६७ मध्ये इंडियानापोलिस शहरातल्या गाड्यांच्या कारखान्यात पट्टा सोडवताना हातातली कानस निसटली आणि उजव्या डोळ्यात घुसली. काही तासांत डावा डोळाही दिसेनासा झाला. अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे पडून असताना त्याने ठरवले की दृष्टी परत आली तर ती यंत्रांवर खर्च करायची नाही. दृष्टी आली. त्याच वर्षी तो केंटकीपासून फ्लॉरिडाच्या समुद्रापर्यंत सुमारे हजार मैल पायी चालत गेला, रानावनातून, झाडेझुडपे गोळा करीत. तिथे हिवतापाने मरणाच्या दारातून परतला. मार्च १८६८ मध्ये बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि शहर सोडण्याची वाट विचारून सरळ डोंगराकडे चालू लागला.

डोंगर म्हणजे कॅलिफोर्नियातली सिएरा नेवाडा पर्वतरांग, आणि तिच्यात योसेमिटी नावाची दरी. दोन्ही बाजूंनी तीन-तीन हजार फुटांचे उभे ग्रॅनाइटचे कडे, वरून कोसळणारे धबधबे, आणि तळाशी सपाट हिरवी कुरणे. १८६९ च्या उन्हाळ्यात म्यूर सुमारे दोन हजार मेंढरांच्या कळपाबरोबर वरच्या कुरणांत गेला. काम मेंढपाळांवर देखरेख करण्याचे. त्या चार महिन्यांत त्याने पाहिले की कळप ज्या कुरणातून जातो तिथे मागे एक फूल उरत नाही. तेव्हापासून मेंढरे म्हणजे खुरांची टोळधाड असेच तो समजू लागला. इथे माझे आणि त्याचे पहिले भांडण झाले. आजीच्या माहेरी शेळ्या-मेंढ्याच होत्या, आणि त्या डोंगरावर फुले उगवत नव्हती असे काही ती सांगत नाही. पण हेही खरे की दोन हजारांचा व्यापारी कळप वेगळा आणि घरच्या वीस शेळ्या वेगळ्या. हा फरक म्यूरने केला नाही, आणि पुढे कायदे करणाऱ्यांनीही फार वेळा केला नाही.

त्यानंतर त्याने दरीतच मुक्काम ठोकला. एका हॉटेलवाल्याच्या लाकूड-गिरणीत तो पडलेल्या झाडांच्या फळ्या कापी आणि सुट्टीत डोंगर चढे. ही दरी झाली कशी, हा प्रश्न त्याला पडला होता. जोसाया व्हिटनी नावाचे प्रांताचे मुख्य भूशास्त्रज्ञ होते. त्यांचे मत असे की प्रचंड भूकंपात जमीन खचली आणि दरी झाली. म्यूर म्हणू लागला की ही दरी हिमनद्यांनी कोरली आहे. पदवी नसलेला गिरणीकामगार! त्याला तिथे अडाणी मेंढपाळ म्हणून हिणवले गेले. पण १८७१ साली त्याने त्या पर्वतात जिवंत हिमनदी शोधून काढली, हिमनद्यांवरचा त्याचा पहिला लेख त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आला, आणि पुढे खुंट्या ठोकून हिमनदी सरकते हे त्याने मोजले. आज विज्ञानाने हिमनद्यांचेच म्हणणे मानले आहे, जरी त्याने सांगितले तेवढे सगळे हिमनद्यांचे काम नव्हते आणि नदीचाही त्यात मोठा वाटा आहे.

१८८० साली त्याने लुई स्ट्रेंट्झेल हिच्याशी लग्न केले. सासऱ्यांची मार्टिनेझ गावी फळबाग होती. दहा वर्षे त्याने द्राक्षे आणि पेअर पिकवून चांगला पैसा मिळवला आणि दोन मुली वाढवल्या. ह्या काळाविषयी चरित्रकार घाईने पुढे जातात, तशी मीही जाते. पण बागेत तो खंगत चालला होता, आणि बायकोनेच त्याला पुन्हा डोंगरात जा म्हणून बजावले, एवढे नोंदवायला हवे. तिच्याविषयी लिहिलेले फार थोडे सापडते.

आता कायद्याकडे येऊ. रान कायद्याने राखावे ही कल्पना म्यूरची नव्हे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, ३० जून १८६४ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही करून योसेमिटी दरी आणि तिच्याजवळची राक्षसी वृक्षांची एक राई कॅलिफोर्निया प्रांताच्या हवाली केली. अट अशी की ती लोकांच्या विहारासाठी कायम राखावी. १८७२ साली यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पण योसेमिटीच्या भोवतालचे डोंगर, जिथून दरीत पाणी येते, ते मोकळेच होते. तिथे मेंढरे चरत, झाडे पडत. १८८९ साली रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन नावाचा मासिकाचा संपादक म्यूरबरोबर त्या कुरणांत तंबू ठोकून राहिला. शेकोटीपाशी दोघांनी बेत केला: म्यूरने दोन लेख लिहायचे आणि जॉन्सनने राजधानीत खटपट करायची. १८९० च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ते लेख छापून आले आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी सुमारे दीड हजार चौरस मैलांचे योसेमिटी राष्ट्रीय उद्यान कायद्याने झाले. दोन लेखांनी कायदा होतो, हे वाचून आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना धीर यावा! पुढच्या वर्षीपासून घोडदळाचे शिपाई मेंढपाळांना हुसकून लावू लागले. १८९२ साली रानाच्या रक्षणासाठी सिएरा क्लब ही संस्था निघाली. म्यूर तिचा पहिला अध्यक्ष, आणि मरेपर्यंत तोच अध्यक्ष.

इथवर वाचून मी शनिवारी घरी गेले आणि आजीला ही गोष्ट सांगितली. ती शेंगा सोलत ऐकत होती. मेंढरांचे ऐकून काही बोलली नाही. मग तिने विचारले की त्या दरीत आधी कोण राहत होते.

मला उत्तर देता आले नाही. चरित्राच्या पुस्तकात त्यावर दोन ओळी होत्या. दुसऱ्या पुस्तकांत शोधले तेव्हा कळले. त्या दरीत अह्वानीची लोक राहत होते. सोन्याच्या शोधात गोरे आले, चकमकी झाल्या, आणि १८५१ साली मॅरिपोसा बटालियन नावाच्या पथकाने त्यांच्या तेनाया ह्या नायकासह त्यांना दरीतून हुसकून काढले, त्यांच्या झोपड्या आणि साठवलेले धान्य जाळले. म्यूर तिथे पोचण्याच्या अवघ्या सतरा वर्षे आधी! त्यातले काही हळूहळू परतले आणि प्रवाशांची कामे करून राहिले. दरीतल्या त्यांच्या शेवटच्या वस्तीतली घरे १९६९ साली पाडली गेली. आणखी एक गोष्ट अशी की ज्या मोकळ्या कुरणांवर म्यूर लुब्ध झाला ती आपोआप तशी राहिलेली नव्हती. ते लोक वेळोवेळी पाला-गवत जाळून ती मोकळी ठेवीत, म्हणजे ओकची फळे आणि कंद मिळत. ज्याला त्याने देवाच्या हातची बाग समजले तिला माणसाचे हात लागलेले होते. म्यूरने आपल्या सुरुवातीच्या लिखाणात त्या लोकांना घाणेरडे ठरवले आणि त्या स्वच्छ निसर्गात ते शोभत नाहीत अशा अर्थाचे लिहिले. पुढे अलास्कात आदिवासींबरोबर होड्यांतून हिंडल्यावर त्याचे मत बरेच बदलले, हेही सांगायला हवे. २०२० साली सिएरा क्लबनेच आपल्या संस्थापकाचे हे बोल चुकीचे होते असे जाहीरपणे मान्य केले.

मला त्याचा राग आला. चार दिवस मी ते पुस्तक उघडले नाही. मग उघडले, कारण धरणाची हकीकत अजून वाचायची होती.

मे १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीला आले. मेजवान्या आणि सत्कार टाळून ते तीन रात्री म्यूरबरोबर उघड्यावर झोपले. एका रात्री अंगावर बर्फ पडले. देशाचा अध्यक्ष आणि मेंढ्या वळलेला हा माणूस शेकोटीपाशी बसून काय बोलले असतील ह्याची कल्पना करायला मला आवडते. योसेमिटी दरी प्रांताकडून काढून राष्ट्रीय उद्यानात घ्यावी, हा म्यूरचा आग्रह होता. १९०६ साली तसे झाले. मधल्या काळात म्यूर जगप्रवास करून आला, त्यात भारतातही येऊन हिमालय पाहून गेला. मात्र १९०५ साली कायद्यानेच उद्यानाची हद्द सुमारे पाचशे चौरस मैलांनी आत आणली. खाणी आणि लाकूड ह्यांचे मालक जिंकले. जो कायदा वेस घालतो तोच ती सरकवूही शकतो, हे तेव्हाच दिसले होते.

योसेमिटीच्या वायव्येला, उद्यानाच्या हद्दीतच, तशीच एक धाकटी दरी होती. तिचे नाव हेच हेची. हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली! पण ते खरेच तसे आहे, आणि तिथल्या लोकांच्या भाषेतल्या, खायच्या दाण्याच्या एका गवताच्या नावावरून आले असे मानतात. सुमारे तीन मैल लांबीची ती दरी, मधून ट्वॉलमी नदी वाहते, आणि खालच्या तोंडाशी कडे अगदी जवळ येतात. चित्रकाराला ती जागा सुंदर दिसते आणि इंजिनियरला ती धरणाची जागा दिसते.

सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते. १९०१ साली महापौर जेम्स फेलन यांनी ह्या दरीतल्या पाण्यावर हक्क मागितला. अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांनी नकार दिला. राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे धरण नाही. मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला. शहर तीन दिवस जळत राहिले. पाण्याअभावी शहर जळाले असा सगळीकडे बोभाटा झाला. वास्तविक भूकंपाने नळच फुटले होते. डोंगरात कितीही पाणी साठवले असते तरी ते त्या फुटक्या नळांतून आले नसते. पण जळालेल्या शहराला हे कोण सांगणार? १९०८ साली नव्या मंत्र्यांनी परवानगी दिली, आणि तीही रूझवेल्ट यांच्याच कारकिर्दीत.

हा वाद नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यात सगळे दुष्ट एका बाजूला नव्हते. धरणाच्या बाजूने बोलणारा मुख्य माणूस गिफर्ड पिंचो हा देशाच्या वनखात्याचा पहिला प्रमुख होता. रान म्हणजे अधिकाधिक लोकांच्या अधिकाधिक काळ उपयोगी पडणारी ठेव, हे त्याचे तत्त्व. जंगल ओरबाडणाऱ्या कंपन्यांशी तो आयुष्यभर लढला. शहराला तोवर पाणी विकत होती ती एक खाजगी कंपनी, आणि तिच्या मक्तेदारीला लोक विटले होते. सार्वजनिक पाणी की खाजगी नफा, असे विचारले तर आपण तरी काय उत्तर देऊ? म्यूरचे म्हणणे असे की पाणी दुसऱ्या नद्यांवरही मिळते, फक्त थोडे महाग पडेल. आणि जी जागा सगळ्या देशासाठी राखली म्हणून कायद्याने लिहून दिले ती एका शहराने स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. आज ही घेतली तर उद्या कोणतीही घेतील. त्याने त्या दरीला देवळाची उपमा दिली. इंजिनियरांनी उत्तरादाखल रंगवलेली चित्रे छापली आणि धरण झाल्यावर तिथे किती शोभिवंत सरोवर होईल ते दाखवले. सिएरा क्लबमध्येही फूट पडली. १९१० साली सभासदांचे मत घेतले तेव्हा ५८९ जण दरी राखण्याच्या बाजूने आणि १६१ जण धरणाच्या बाजूने निघाले. सत्तरी गाठलेला, बायको वारलेली, खोकल्याने जर्जर झालेला म्यूर पत्रांमागून पत्रे आणि लेखांमागून लेख लिहीत राहिला. देशभरातून हजारो लोकांनी, ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती, संसदेला पत्रे लिहिली. न पाहिलेल्या दरीसाठी! एखादे रान वाचवण्याकरिता सगळा देश असा बोलू लागण्याची ती पहिलीच वेळ होती.

पण उपयोग झाला नाही. नवे अध्यक्ष विल्सन यांनी अंतर्गत खात्याचे मंत्री म्हणून फ्रँकलिन लेन यांना नेमले, आणि लेन हे पूर्वी सॅन फ्रान्सिस्को शहराचेच वकील होते. सप्टेंबर १९१३ मध्ये कनिष्ठ सभागृहाने १८३ विरुद्ध ४३ मतांनी, आणि ६ डिसेंबरला सिनेटने ४३ विरुद्ध २५ मतांनी धरणाचा कायदा मंजूर केला. १९ डिसेंबर १९१३ रोजी अध्यक्षांची सही झाली. एका कायद्याने राखलेली दरी दुसऱ्या कायद्याने बुडवली. दोन्ही कायदे रीतसर होते.

म्यूर मार्टिनेझच्या मोठ्या घरात अलास्काच्या प्रवासाचे पुस्तक लिहीत राहिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात धाकट्या मुलीला भेटायला गेला असता त्याला न्यूमोनिया झाला. २४ डिसेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात तो वारला. अलास्काचे पुस्तक अपुरेच राहिले. दरीच्या दुःखानेच गेला असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला वाटते, शहात्तराव्या वर्षी न्यूमोनियाला एवढे निमित्त लागत नाही.

दरीतली झाडे तोडून साफ करण्यात आली. १९२३ साली धरण पुरे झाले, पुढे १९३८ साली त्याची उंची वाढवली. १९३४ पासून तिथले पाणी दीडशेहून अधिक मैलांवरून, उताराने वाहत, शहरात येते. आज सुमारे २७ लाख लोक ते पितात. त्या लोकांना मी काय नावे ठेवू? आमच्या धरणाच्या पाण्यावरही कुठेतरी ऊस उभा आहे आणि कुठेतरी दिवे लागतात.

हरलेल्या लढाईतून पुढे मात्र काही गोष्टी निघाल्या. १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते झाले. १९२४ साली आल्डो लिओपोल्ड ह्या वनाधिकाऱ्याच्या खटपटीने न्यू मेक्सिकोत गिला नावाचे पहिले अस्पर्श रान राखले गेले. पण ते वनखात्याच्या हुकमाने राखलेले होते, आणि एका साहेबाचा हुकूम दुसरा साहेब फिरवू शकतो. १९५० नंतर डायनॉसॉर नावाच्या राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत इको पार्क इथे धरणाचा बेत आला तेव्हा हेच हेचीचे उदाहरण पुढे करून लोक लढले, आणि १९५६ साली तो बेत रद्द झाला. त्याच वर्षी हॉवर्ड झानायझर ह्यांनी लिहिलेले अस्पर्श रानांच्या कायद्याचे विधेयक संसदेत आले. आठ वर्षे, अठरा सुनावण्या आणि साठांहून अधिक मसुदे! ३ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली तेव्हा झानायझर नव्हते. चार महिने आधीच ते वारले होते. त्या कायद्याने ९१ लाख एकर जमीन राखली गेली, आणि आज तो आकडा ११ कोटी एकरांवर गेला आहे. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, इमारत नाही. माणूस तिथे पाहुणा म्हणून येतो आणि निघून जातो, अशी त्या कायद्याची व्याख्या आहे.

ही व्याख्या वाचताना मला आजीचा प्रश्न पुन्हा आठवला. जे तिथेच जन्मले त्यांना पाहुणे कसे म्हणायचे? आपल्याकडे १९७२ साली वन्यजीवांचा कायदा झाला आणि वनात राहणाऱ्यांच्या हक्काचा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले. आणखी एक नवल असे की अमेरिकेच्या त्या कायद्यात जिथे आधीपासून गुरे चरत होती तिथे चराई चालू ठेवली आहे, आणि जरूर पडली तर राष्ट्रीय वनांतल्या अशा रानात धरणाला परवानगी देण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला आहे. म्यूर हयात असता तर ह्या दोन्ही कलमांवर भांडला असता. मी एकावर भांडले असते.

हेच हेचीचे पाणी सोडून देऊन दरी पुन्हा मोकळी करावी, असे म्हणणारे लोक तिकडे अजून आहेत. १९८७ साली खुद्द अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांनीच तशी सूचना केली होती. २०१२ साली, निदान त्याचा अभ्यास तरी करावा का, ह्यावर सॅन फ्रान्सिस्कोत मतदान झाले. शंभरातल्या सत्त्याहत्तर जणांनी नको म्हटले.

हे मी आजीला सांगितले. उन्हाळ्यात पाणी आटले की आमच्या जुन्या गावच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो आणि ती नारळ घेऊन तिथे जाते. ह्या वर्षी मीही तिच्याबरोबर जाणार आहे. दरी कुणी बुडवली आणि कुणी राखली ह्याचे तिला फारसे वाटले नाही. तिकडे लोकांना मत विचारले, एवढ्याचे मात्र तिला फार नवल वाटले. कुणाला विचारले, दरीतल्यांना की शहरातल्यांना, असे तिने विचारले. शहरातल्यांना, असे मी सांगितले, आणि ती पुन्हा शेंगा सोलू लागली.